तोच हा धक्का

प्रिन्सेस डॉकमध्ये आता पाणी नाही. १८८० साली सुरू झालेली ही गोदी आणि तिला लागून १८८८ साली झालेली व्हिक्टोरिया गोदी, दोन्ही भरून टाकल्या आहेत. जहाजे तरंगत तिथे सपाट जमीन झाली आहे, कंटेनरच्या पेट्या ठेवण्यासाठी. माझ्या थोरल्या भावाने या जागेची दोन चित्रे काढली आहेत. एकात पाणी आहे, दुसऱ्यात नाही. त्या दोहोंच्या मधल्या भिंतीवर माझी कविता लागायची आहे आणि ती लिहिताना मी एका प्रश्नापाशी अडून राहिले आहे. पाणी गेले, क्रेन गेल्या, शेड गेल्या, माणसे गेली, तरी मी बोट दाखवून म्हणते, हीच ती गोदी. कशाच्या बळावर म्हणते?

हा प्रश्न मी कॉलेजात वर्षानुवर्षे शिकवला, फक्त त्यात गोदी नव्हती. भारतीय तर्कशास्त्रात तो प्रत्यभिज्ञेचा प्रश्न म्हणून येतो आणि त्याचे ठरलेले उदाहरण देवदत्ताचे. पूर्वी कुठे तरी पाहिलेला देवदत्त आज समोर येतो आणि आपण म्हणतो, हा तोच. नैयायिकांच्या मते इथे डोळे आणि आठवण मिळून काम करतात. ‘हा’ डोळ्यांकडून येतो, ‘तो’ मनावर आधी उमटलेल्या संस्काराकडून, आणि दोन्हींचे मिळून एकच ज्ञान होते. असे ज्ञान होते त्या अर्थी देवदत्त मधल्या काळातही टिकून होता. बौद्ध पंडितांना हे मान्य नाही. जे आहे ते क्षणापुरते आहे. दिव्याची ज्योत रात्रभर एकच भासते, पण क्षणोक्षणी निराळी असते. कापलेली नखे पुन्हा वाढतात आणि आपण तीच नखे म्हणतो. सारखेपणातून एकपणाचा भास होतो, त्यापलीकडे काही नाही. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ लिहून या क्षणभंगवादाशी झुंज घेतली. पुढच्या शतकात विक्रमशिलेच्या रत्नकीर्तीने ‘क्षणभंगसिद्धी’ लिहून त्याची बाजू लढवली.

माझ्या वर्गातली मुले बहुतेक बौद्धांच्या बाजूला जात. लालबाग, परळ, काळाचौकीची मुले ती. १९८२च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर त्यांच्या घरातले एकेक करून सगळे हलले होते. भोंगा थांबला, बापाची पाळी संपली, चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला. काही तरी टिकून राहते हे नैयायिकांचे म्हणणे मी मांडायची तेव्हा ती मुले शांतपणे ऐकून घेत, आणि त्या शांततेला उत्तर देण्यासारखे माझ्यापाशी पुस्तकात काही नव्हते.

गोदीच्या बाबतीत तर बौद्धांना पुरावा शोधायलाही नको. प्रिन्सेस डॉक खणत होते तेव्हा, १८७८ साली, समुद्राच्या पातळीखाली खैराचे रान सापडले. झाडांचे बुंधे मुळांसकट चिखलात उभे. आधी रान होते, मग समुद्र आला, मग माणसांनी पाणी बांधून घेतले, मग भराव घातला. एका जागेवरून चार जगे गेली. ‘तीच जागा’ म्हणताना यातले कोणते धरायचे? अक्षांश-रेखांश तेवढे तेच राहिले, आणि अक्षांश-रेखांशावर कुणी माया करत नाही.

आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, अलेक्झांड्रा गोदीत टॅली क्लार्क होते. १९१४ साली झालेल्या या गोदीला पुढे इंदिरा गोदी असे नाव मिळाले, पण अण्णांच्या तोंडी शेवटपर्यंत अलेक्झांड्राच राहिले. टॅलीचे काम सांगायला सोपे आहे. जहाजातून स्लिंग उतरते, एका वेळी दहाबारा गोणी. त्या मोजायच्या, गोणीवरचा मार्का बघायचा, फाटलेली-भिजलेली वेगळी लिहायची, आणि कागदावर रेघ ओढायची. चार उभ्या, पाचवी तिरपी. समोर कधी खत, कधी गंधक, कधी सिमेंट, सगळ्याची धूळ नाकातोंडात. उन्हात, पावसात, रात्रपाळीच्या दिव्याखाली हेच. मोजणीत फरक पडला की जहाजवाले, व्यापारी आणि पोर्ट ट्रस्ट यांच्यात पत्रापत्री सुरू व्हायची आणि त्या पत्रापत्रीच्या तळाशी अण्णांची रेघ असायची. म्हणून ते रेघ कधी खोडत नसत. चुकली तर तिला गोल करून बाजूला सही करायची, असा त्यांचा नेम होता.

त्या कागदांपैकी काही पाने दादाने जपून ठेवली आहेत. तो त्यांच्याकडे चित्र म्हणून पाहतो, मी लिखाण म्हणून. एकेक रेघ म्हणजे क्रेनने धक्क्यावर ठेवलेली आणि मग कुणाच्या तरी पाठीवरून शेडपर्यंत गेलेली एकेक गोण. त्या पाठीचे नाव कागदावर कुठेच नाही. टोळीचा नंबर आहे, हॅच नंबर आहे, जहाजाचे नाव आहे. पण रेघ आहे, आणि ती माणसाच्या एका खेपेइतकी खरी आहे. चित्र आणि शब्द यांनी मिळून या शहराबद्दल काही सांगायचे असेल तर ते निदान या रेघेइतके जबाबदार असावे, असे मला वाटते. गोदी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्या समोर आपण मोजणी ठेवतो आहोत, आणि ती तपासायला मूळ माल आता शिल्लक नाही.

कंटेनर आला आणि ही रेघ संपली. पेटी बंद येते, बंद जाते, आत काय आणि किती ते कागदच सांगतो. मोठ्या जहाजांना खोल पाणी लागते, पेट्यांना ऐसपैस आवार लागते. शहराच्या कुशीत दाटीवाटीने बसलेल्या जुन्या गोद्यांपाशी यातले काहीच नव्हते. मे १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि मोठा व्यापार तिकडे गेला. दादाच्या पाणी नसलेल्या चित्रात एकही माणूस नाही. मी विचारले तेव्हा म्हणाला, “अगं, दिसलंच नाही कुणी. वर क्रेनच्या केबिनमध्ये असेल एखादा, काचेआड.”

दादा आयुष्यभर ड्राफ्ट्समन होता, लोकांचे पाइप आणि जिने काढत. निवृत्त झाल्यावर त्याने बंदर काढायला घेतले. शिवडी, कोळसा बंदर, दारूखाना, भाऊचा धक्का, ससून डॉक. मी त्याच्या चित्रांसाठी लिहावे हे त्याचेच म्हणणे, पण त्याची एक अट आहे. कविता चित्राच्या खाली लागणार नाही. “खाली लिहिलं की लोक आधी वाचतात, आणि मग चित्रात तेवढंच शोधत बसतात.” म्हणून आम्ही असे ठरवले की चित्र एका भिंतीला आणि कविता चार पावलांवर. वाचायला चालत जायचे, आणि वाचून झाल्यावर वाटले तर परत चालत यायचे. परत येणारा माणूस आमचा.

चित्र आणि कविता यांच्या हद्दीबद्दल लेसिंग या जर्मन लेखकाने १७६६ साली ‘लाओकोऑन’ या ग्रंथात लिहिले आहे. एकाच वेळी शेजारीशेजारी असलेल्या गोष्टी चित्राच्या वाट्याच्या, एकामागून एक घडणाऱ्या गोष्टी कवितेच्या. हे ऐकायला चोख वाटते. पण बंदराचे शहर या विभागणीत बसत नाही, कारण इथे एकामागून एक आलेल्या गोष्टी शेजारीशेजारी उभ्या राहतात. रे रोडच्या एका फुटपाथवर मोडलेल्या जहाजांच्या खिडक्या विकायला मांडलेल्या असतात आणि डोक्यावरून २०१३ साली झालेला ईस्टर्न फ्रीवे गेलेला असतो. मला विष्णुधर्मोत्तर पुराणातला प्रसंग जास्त जवळचा वाटतो. वज्र राजा मार्कंडेयांना मूर्ती घडवण्याची विद्या मागतो. ते म्हणतात, त्यासाठी आधी चित्र आले पाहिजे. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गीत, आणि गीतापाशी येऊन भाषेचा विचार सुरू होतो. एका कलेचे दार दुसऱ्या कलेतून उघडते. त्याच ग्रंथाच्या चित्रसूत्रात म्हटले आहे की लाटा, ज्वाळा, धूर आणि पताका ज्याला वाऱ्याच्या गतीसकट काढता येतात तो खरा चित्रकार. या चारही गोष्टी बंदरात असतात, असे मी दादाला सांगितले तेव्हा त्याचा दिवस चांगला गेला.

मुंबईच्या बंदराचे मराठीतले सर्वांत देखणे चित्र मला विचाराल तर कुंचल्याने काढलेले नाही. ते मर्ढेकरांच्या कवितेत आहे. माघातली सकाळ, धक्क्याला लागलेल्या परदेशी बोटी, त्यांचे रंग, आणि उशीवरून डोके उचलणारे शहर. ज्या विचारवंताने सौंदर्यशास्त्रात प्रत्येक कलेचे माध्यम निराळे मानले, त्याने कवितेत बोटीचा रंग आणि पहाटेचा उजेड असा काही ठेवला आहे की वाचणाऱ्याला आधी दिसते आणि मग कळते. पण त्या बंदराला काल नाही. ते सगळे ‘हा’ आहे, सगळे आत्ता. उलट सुधीर पटवर्धनांची चित्रे आठवण ठेवतात. ठाण्यात तीस वर्षे रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत त्यांनी या शहराचे कामगार, गल्ल्या, रेल्वेचे पूल रंगवले. २००१ सालचे त्यांचे ‘लोअर परळ’ गिरण्या मोडून तिथे नवे शहर चढत होते त्या काळातले आहे. त्यांच्या शहरचित्रांत नजर एका जागी थांबत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहून पाहिलेले एकाच चौकटीत येते, आणि म्हणून पाहणाऱ्यालाही त्यात चालावे लागते, वेळ द्यावा लागतो. कवी डोळ्याचे काम करतो, चित्रकार आठवणीचे. लेसिंगची वाटणी इथल्या लोकांनी कधीच मोडीत काढली आहे.

काळ्या घोड्याची गोष्ट मला या सगळ्यात फार मोलाची वाटते. प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा १८७९ साली मुंबईतल्या एका चौकात बसवला गेला. १९६५ साली तो तिथून काढून राणीच्या बागेच्या आवारात नेला. घोडा गेला, पण लोक त्या चौकाला काळा घोडाच म्हणत राहिले, पन्नास वर्षांहून जास्त. त्या काळात अरुण कोलटकर तिथल्या वेसाइड इनच्या खिडकीशी बसत. जे. जे.त शिकलेला, जाहिरातीच्या जगात आर्ट डायरेक्टर म्हणून नाव कमावलेला कवी. चौकात भाकरतुकडा खाणारी, केस विंचरणारी, झोपणारी माणसे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिली आणि २००४ साली ‘काळा घोडा पोएम्स’ आले, इंग्रजीत. घोडा नसलेल्या चौकाचे हे पुस्तक. २०१७ साली तिथे पुन्हा घोडा उभा राहिला, पण नवा, आणि पाठीवर स्वार नाही.

नैयायिकाला इथे काय म्हणता येईल? मूळ वस्तू दुसरीकडे आहे, इथे आहे ती वेगळी आहे, आणि तरी चौक तोच आहे. बौद्ध म्हणेल, पाहा, सारखेपणाचा भास. मला दोघांचेही पुरे पडत नाही. मधली पन्नास वर्षे जागेचा ‘तो’ लोकांच्या तोंडातल्या नावाने सांभाळला, आणि कवीने त्या नावाखाली कोण राहते ते पाहून ठेवले. म्हणून नव्या घोड्याला राजपुत्राची गरज उरली नाही. ओळखीला काय सोडायचे हे ठरवण्याचा हक्क असतो, असे मी मानते, आणि राजाला सोडून रस्त्यावरची माणसे ठेवणारी ओळख मला न्याय्य वाटते.

पण हा हक्क बिल्डरही वापरतो, तेव्हा काय? शिवडी-वडाळ्याच्या बाजूला पत्र्याची कुंपणे लागतात, त्यांवर भलीमोठी चित्रे असतात. निळा समुद्र, पंचेचाळिसाव्या मजल्याची गॅलरी, एक तरुण जोडपे, आणि बाजूला क्षितिजाबद्दल, वाऱ्याबद्दल एखादी तरल ओळ. म्हणजे चित्र आणि कविता एकत्र. आमच्या खोलीतल्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त लोक ती रोज पाहतात. अगदी विचार करून मी म्हणते की ते चित्र वाईट नाही आणि ती ओळही वाईट नाही. त्यांचा दोष एवढाच की दोन्ही मिळून एकच गोष्ट सांगतात. चित्र म्हणते, समोर समुद्र आहे. ओळ म्हणते, समोर समुद्र आहे. त्या पत्र्यामागे काल काय होते हे दोघांपैकी कुणीच सांगत नाही. शब्दाने चित्राला आणि चित्राने शब्दाला अडवायला हवे, त्याऐवजी दोघे हातात हात घालून पुढे निघून जातात. जुन्या मुंबईचे पिवळट फोटो आणि खाली हळव्या ओळी घातलेली कॅलेंडरे मला याच कारणाने नको वाटतात. तिथेही दोघांचे एकमत झालेले असते, फक्त तोंड मागे असते.

मग दोघांनी मिळून काय करायचे? इथे मला काश्मीरचा उत्पलदेव उपयोगी पडतो. दहाव्या शतकातला हा शैव आचार्य. त्याच्या ‘ईश्वरप्रत्यभिज्ञाकारिका’ या ग्रंथाच्या शेवटी एक दृष्टांत आहे. एका तरुणीचे मन एका पुरुषावर बसले आहे, त्याचे गुण ऐकून. तिच्या आर्जवांनी तो येतो, अगदी जवळ येऊन उभा राहतो. पण ती त्याला चारचौघांसारखाच एक समजते. तो समोर आहे आणि तिला आनंद नाही, कारण ओळख पटलेली नाही. अभिनवगुप्त टीकेत सांगतो की दूतीच्या शब्दाने किंवा एखाद्या खुणेने ती पटते, आणि मग ती भरून पावते. नवे काहीच आलेले नसते. जो समोर होता तोच आता कळलेला असतो.

उत्पलदेवाला सांगायचे होते की जीवाने स्वतःला शिव म्हणून ओळखायचे आहे. मोक्षासाठी मांडलेला दृष्टांत मी गोदीच्या भरावावर आणते आहे याची मला जाणीव आहे, आणि तो उतरवताना मला संकोचही वाटला. तरी मला दुसरे इतके नेमके काही सापडलेले नाही. चित्र वस्तूला जवळ आणून उभे करते. ते त्याचे सामर्थ्य आहे आणि तिथेच ते थांबते, कारण समोर असणे म्हणजे ओळखले जाणे नव्हे. प्रिन्सेस डॉकच्या भरावाचे चित्र पाहणाऱ्याला पेट्यांचे रंग दिसतात, सुंदर दिसतात, आणि तो पुढच्या चित्राकडे जातो. तिथे दूतीची गरज असते. तिने सुंदर बोलावे अशी अपेक्षा नाही. हा कोण, एवढेच तिने खरे सांगायचे.

आमच्याकडे ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’च्या सहाव्या प्रकरणात शब्दाचा असाच विचार केला आहे. आधी शब्दाचे मोठेपण सांगितले आहे, विसरलेल्याला आठवण करून देणारा, जे दिसत नाही त्याचा आरसा होणारा. आणि मग त्याची मर्यादा दाखवली आहे. आत्मा स्वतःला कधी विसरलेलाच नाही, तेव्हा त्याला आठवण कसली करून देणार? त्या दारात शब्दाला काम नाही. हे प्रकरण मी अनेकदा वाचले आहे, आणि अलीकडे वाचताना मला पहिल्या अर्ध्या भागाचीच ओढ लागते. आत्मा विसरत नसेल, शहर विसरते. इतक्या झपाट्याने विसरते की अलेक्झांड्रा गोदीत काम केलेल्या माणसाच्या नातवाला गोदी हा शब्द समजावून सांगावा लागतो. इथे शब्दाचे काम संपलेले नाही.

पण मग एक अडचण येते, आणि ती मला सोपी करता येत नाही. न्यायदर्शनात एक तत्त्व पक्के आहे: एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवत नाही. त्यावरच तर ते आत्म्याची सिद्धी करतात. पाहणारा आणि आठवणारा एकच असला पाहिजे. मी गोदीच्या आत काम केले नाही. एका दिवसाचेच उदाहरण घ्या. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. त्यात दारूगोळा होता, कापसाच्या गाठी होत्या, सोन्याच्या विटा होत्या. जळता कापूस शहरावर पडला, शेकडो माणसे गेली. सोन्याच्या विटा त्यानंतर कित्येक दशकांनी गाळ उपसताना सापडत राहिल्या. अण्णा त्यानंतर थोड्याच काळात कामाला लागले आणि ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांच्या शेजारी बसून टॅली करत होते. त्यांनाही तो दिवस आठवत नव्हता, ऐकून माहीत होता. मला ऐकलेले ऐकून माहीत आहे. मग मी ‘हीच ती गोदी’ म्हणते त्यातला ‘ती’ कुणाच्या संस्कारातून येतो? नैयायिक मला विचारील, बाई, ही तुमची ओळख नव्हेच, हे तुम्ही उसने बोलता आहात.

दूतीचा दृष्टांत मला इथे दुसऱ्यांदा वाट दाखवतो. दूतीचे त्या पुरुषावर प्रेम नसते. तिला आठवणीचा मालकी हक्क नको असतो. तिची लायकी एकाच गोष्टीत असते: तिने जाऊन पाहिलेले असावे, नीट विचारलेले असावे, आणि सांगताना त्यात स्वतःचे घालू नये. आठवण एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही हे नैयायिकांचे मी पूर्ण मान्य करते. पण साक्ष जाते. आप्तवाक्याला, विश्वासू माणसाच्या शब्दाला, त्यांनी स्वतःच प्रमाण मानले आहे. माझी कविता ही आठवण नाही, तिने तसा आवही आणू नये. ती साक्ष आहे, आणि साक्षीला उलटतपासणी होऊ शकते. अण्णांच्या गोल केलेल्या रेघेशेजारची सही मला म्हणूनच कवितेपेक्षा वरची वाटते.

दादाचे तिसरे चित्र न्हावाशेव्याचे आहे. बंदर जिथे गेले तिथे गेल्याशिवाय बंदराचे चित्र पुरे होणार नाही, असे तो म्हणाला आणि ते मला लगेच पटले. आपल्याकडे देव हलवायचा तर विधी असतो. जीर्ण मूर्तीतले तेज कलशात घेतात, मग नव्या मूर्तीत प्रतिष्ठा करतात. मुंबादेवीचे मूळचे ठाणे आज जिथे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे त्या बाजूला होते. ते तिथून हलले, आणि तरी कोळ्यांच्या लेखी आई तीच राहिली. माणसांचे गाव हलवताना असा कलश कुणी धरत नाही. न्हावाशेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला आणि ऐंशीच्या दशकात त्या लोकांना उरणजवळ हनुमान कोळीवाडा इथे जागा मिळाली. त्या जमिनीत वाळवी निघाली. घरांची लाकडे, कपाटे, कागद तिने खाल्ले, आणि हे लोक आजही पुन्हा वसवले जाण्याची मागणी करतात. त्याच पट्ट्यात जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या लढ्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. मुंबईची गोदी रिकामी झाली याचे दुःख करताना ती जिथे भरली तिथे कुणाचे काय रिकामे झाले हे विचारायचेच नाही, अशी कविता मला लिहायची नव्हती.

आम्ही भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचने गेलो. लाँचमधून इंदिरा गोदीच्या बाजूचे सगळे दिसते, आणि उत्तरेला आता अटल सेतूची लांबच लांब रेघ. हनुमान कोळीवाड्यात एका घराच्या ओटीवर दादाने वही उघडली. चित्रात उंच निळ्या क्रेन होत्या, लाल पेट्यांनी भरलेले जहाज होते. घरातल्या वयस्कर बाईंनी ते बराच वेळ पाहिले. मग जहाजाखालच्या पाण्यावर बोट ठेवून त्या सांगू लागल्या, इथे काय होते, कुठल्या अंगाला होड्या ओढून ठेवत, मासळी कुठे वाळायची, देऊळ कुठल्या दिशेला तोंड करून होते, भरतीला पाणी कुठवर यायचे. त्या बोलत होत्या आणि दादा त्याच चित्रावर पेन्सिलीने हलकेच काढत गेला. एकदा त्यांनी त्याचा हात धरून होडी दुसऱ्या बाजूला सरकवली. चित्राने ‘हा’ समोर ठेवला होता, आणि ‘तो’ जिच्यापाशी खरोखर होता ती तो देत होती. मी लिहून घेत होते, एवढेच माझे काम होते.

त्या चित्राशेजारी माझी कविता लागणार नाही, हे आम्ही परतीच्या लाँचमध्येच ठरवले. बाईंचे बोलणे जसेच्या तसे लागेल, त्यांच्या बोलीत, ज्या क्रमाने त्या बोलल्या त्या क्रमाने. दादाने पेन्सिलीच्या रेघा रंगाखाली झाकायच्या नाहीत असे ठरवले आहे. कागद तयार करून मी बाईंना फोन केला तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. देवळाच्या दिशेचे आधी पाठवा, ते मी नीट सांगितले का ते बघायचे आहे. आणि बाकीचे नातवाकडून वाचून घेते, ऐकल्यावर सांगते, मग भिंतीला लावा.